घमेल्याखालचं आभाळ

नाही हो, चोर नाही, वारा नाही, माकडंसुद्धा नाहीत… शेजारच्या जयाबाई! आमच्या अनगोळच्या गच्चीवर विद्यापीठानं उपग्रहाचे सिग्नल पकडणारं यंत्र बसवलंय, खांबावर पांढरी वाटी पालथी घालावी तसं. आणि आभाळ आलं रे आलं की ही बाई कठडा ओलांडून येते आणि त्यावर लोखंडी घमेलं झाकून जाते! का? तर भिजेल म्हणून! अहो, पावसासाठीच बसवलंय ते!

तुम्हाला सांगतो, गोष्ट साधी आहे. उपग्रहाचा सिग्नल वरून निघतो, हवेतल्या वाफेतून येताना किंचित रेंगाळतो… निपाणीची बस किती उशिरा आली त्यावरून तवंदीच्या घाटात गर्दी किती होती ते आपण काढतो की नाही? तसंच! उशिरावरून वाफ काढायची, ती हवामानाच्या गणितात घालायची, म्हणजे पावसाचा अंदाज सुधारतो. आता वाफ जास्त कधी? आभाळ भरल्यावर! आणि नेमकं तेव्हा यंत्र कुठं? घमेल्याखाली!

मग संध्याकाळी सौम्याचा फोन. यंत्राची देखरेख करणारी धारवाडची पोरगी. "सर, ऊटा आतेन्री? जेवलात का?… आणि आज दोन ते पाच परत काहीच आलं नाही बघा. असंच चाललं तर साहेब यंत्र कणकुंबीला हलवायचं म्हणतात हं." न्या म्हणावं!… असं तोंडावर येतं, पण म्हणवत नाही. बायकोला, सुनंदाला, जाऊन चौदा महिने झाले. जेवलात का म्हणून विचारणारा तेवढाच एक फोन येतो घरात, तोही यंत्रापायी.

गेलो जयाबाईंकडं. म्हटलं, "आक्का, पावसासाठीच बसवलंय ते!"

"व्हय की अण्णा. पण भिजलं तर?"

"भिजू दे!"

"लई म्हागाचं असंल की ओ."

"आक्का, घमेलं घातलं की त्याला आभाळच दिसत नाही!"

"मग पाऊस थांबल्यावर काढतो की मी. कधी इसरलोय काय?"

शेवटी आवाज चढवला. तर पदराला हात पुसत म्हणाल्या, "आभाळ आलं की आदी शेजारणीचं झाकायचं, मग आपलं. सुनंदानं माझ्या शेंगा किती डाव वाचिवल्या. तिच्या माघारी तिच्या गच्चीवरचं भिजू देऊ व्हय?"

पस्तीस वर्षं गणित शिकवलं मी. घरी येऊन हे नव्यानं मांडायला बसलो.

मग युक्ती काढली. येळ्ळूरहून शेंगांचं पोतं आणलं, यंत्रापासून लांब पसरलं. आभाळ आलं, जयाबाई आल्या, शेंगा बघितल्या… आणि धावाधाव! शेंगांवर ताडपत्री, ताडपत्री उडू नये म्हणून विटा, विटा पुरेनात म्हणून वर घमेलं! यंत्र उघडं! भिजलं, न्हालं, काही झालं नाही. पावसासाठीच बसवलंय ते!

आठ दिवस अखंड आकडे गेले. नववा दिवस, दहावा… फोन नाही. शेवटी मीच लावला. "सौम्या, यंत्र बरं आहे ना गं?"

"एकदम छान सर! साहेब खूश आहेत, यंत्र तिथंच राहणार. आता तुम्हाला रोज त्रास द्यायला नको!"

त्रास!… अहो, त्रास आहे असं म्हटलं होतं कुणी?

आता हे बघा, पश्चिमेला काळं व्हायला लागलंय. शेंगा मी सकाळीच खाली आणल्या. घमेलं तेवढं कठड्यावर राहिलंय. एका दुपारपायी काही कुणी यंत्र कणकुंबीला नेत नाही… नेतील काय हो?