कपाटाच्या आतली पाटी

मंडळी, बसून घ्या. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर जागा आहे. केशोरीहून बैलगाडीनं आलेल्या बायांना ओसरीवर सावलीत घ्या.

मला शोकसभेत बोलायची सवय नाही. मला वर्गात बोलायची सवय आहे. वर्गात कोणी रडलं की मी त्याला बाहेर जाऊन तोंड धुवून यायला सांगते. आज तसं सांगितलं तर पहिलं मलाच उठावं लागेल. म्हणून थोडं बोलेन आणि सरळ बोलेन.

दयारामभाऊ गेले, त्याला आज दहा दिवस झाले. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते. दयारामभाऊ आपल्या नवेगावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. त्याआधी तीस वर्षं ते इथले कोटवार होते, म्हणजे गावात दवंडी देणारे. आणि मी या वाचनालयाची चिटणीस. पहिल्या दिवसापासून आमचं भांडण होतं. शेवटपर्यंत होतं. आज त्या भांडणाचा निकाल सांगायला मी उभी आहे.

आत्ता सरपंचसाहेब बोलले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले की नवा शिकलेला माणूस मिळेपर्यंत वाचनालय बंद ठेवू आणि तोवर या खोलीत सोसायटीचं बियाण्याचं धान ठेवू. सरपंचसाहेब, तुमच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. तेव्हा माझं सगळं ऐकून घ्या. उत्तर शेवटी देते.

ही खोली आधी काय होती, हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. ही मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, कचेरी. चपला बाहेर काढायच्या, मान खाली घालायची आणि या पायरीच्या खाली उभं राहायचं. हाक येईल तेव्हा बोलायचं, नाही आली तर संध्याकाळी घरी जायचं. दयारामभाऊ तीस वर्षं याच पायरीच्या खाली उभे राहिले. मग मालगुजारी गेली, खोली गावाला मिळाली आणि आपण तिथे दोन कपाटं आणून ठेवली. ग्रंथपाल कोण? चौथी पास, वेळेवर येणारा आणि गावातलं प्रत्येक घर माहीत असणारा माणूस एकच होता.

मी त्यांना खुर्ची दिली. ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. पायरीवर बसायचे. मी विचारलं, "दयारामभाऊ, खुर्ची काऊन रिकामी?" मी त्यांच्याशी बोलताना त्यांचीच बोली बोलत असे, नाहीतर ते मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करत. ते म्हणाले, "बाई, आजवर या पायरीखाली उभा व्हतो. आता पायरीवर बसून राहिलो. खुर्चीवर बसलो तं लोक परत खाली उभे राहतीन जी."

मी नागपूरला कॉलेजात शिकले. तीस वर्षं होऊन गेली. तिथल्या वाचनालयात खोकला आला तर आम्ही पदर तोंडाशी धरून बाहेर जात असू. वाचनालय म्हणजे शांतता, हे मी तिथे शिकले. म्हणून इथे आल्यावर पहिलं काम काय केलं? गोंदियाहून एक पाटी रंगवून आणली. निळ्यावर पांढरी अक्षरं. 'शांतता राखा.' ती दयारामभाऊंच्या हातात दिली आणि म्हटलं, लावा.

आठ दिवसांनी आले, पाटी कुठे दिसेना. विचारलं तर म्हणाले, "लावली ना बाई." आणि कपाट उघडून दाखवलं. पाटी कपाटाच्या आत, पुस्तकांच्या समोर लावली होती. म्हणाले, "पुस्तकाइले लागू हाय. मानसाइले नाई."

तुम्ही हसता आहात. मी तेव्हा हसले नव्हते.

त्यांनी एक पद्धत पाडली होती. ती दुसऱ्या कुठल्या वाचनालयात मी पाहिली नाही. पुस्तक परत आणलं की नुसतं टेबलावर ठेवून जाता यायचं नाही. पायरीवर बसायचं आणि त्यात काय होतं ते सांगायचं. तेव्हा जो कोणी ओसरीवर बसला असेल त्याला. सांगून झाल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. मला हे बरं वाटत नव्हतं. वाचणाऱ्याला परीक्षा कशाला? मी तसं त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "बाई, वाचता येनारे गावात किती? आनि ऐकता येनारे किती?"

दुपारी तीन वाजता वाचनालय उघडायचं. साडेतीनला ओसरी भरायची. तलावावरून परतलेले ढिवर, जाळी तिथेच पसरून दुरुस्त करत बसलेले. बिड्या वळणाऱ्या बाया सूप मांडीवर घेऊन. एकानं औषधी झाडांचं पुस्तक परत आणलं की चौघं म्हणायचे, हे झाड आपल्या जंगलात हाय, पन पुस्तकवाल्यानं त्याच्या मुळीचा गुन सांगतलन नाई. एकानं इतिहासाचं आणलं की भांडण लागायचं. मी दारात आले की सगळे गप्प. दयारामभाऊ म्हणायचे, "बोला, बोला. बाई कडक हायेत, पन चावत नाईत."

आणि पुस्तक वेळेवर आलं नाही तर? बाजाराच्या दिवशी दवंडी. तीस वर्षांचा आवाज होता. भाजीच्या रांगेत उभे राहून सांगायचे, अमक्याकडे अमकं पुस्तक दीड महिना झाला निजून हाय. एका बाजारी मी वांगी निवडत होते आणि माझंच नाव ऐकलं. "चिटनीस बाईइकडे पाकशास्त्राचं पुस्तक तीन महिने व्हऊन राहिले." मी घरी गेले आणि पुस्तक आणून दिलं. पायरीवर बसले. आणि सांगावं लागलं. गावातल्या बाया ओसरीवर बसून ऐकत होत्या आणि मी, कॉलेज शिकलेली, त्यांना पुरणाची कृती सांगत होते. एकीनं मला तिथेच दुरुस्त केलं. बरोबरच केलं.

आता मुख्य गोष्ट. भागरता, खाली बघू नकोस. तुला विचारून सांगते आहे.

भागरता चौथी शिकलेली. लग्न होऊन दूर गेली आणि दोन वर्षांत माहेरी परत आली. का आली ते तिचं ती जाणे. बाया काय बोलत होत्या ते आपण सगळे जाणतो, कारण आपणच बोलत होतो. ती घराबाहेर पडायची ती दोनच ठिकाणी. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आणि वाचनालयात.

एका पावसाळ्याच्या तोंडी तिनं एक कादंबरी नेली. नाव सांगत नाही, लिहिणाऱ्याला राग यायचा. त्यात एक नवऱ्यानं टाकलेली बाई असते. भागरतानं पुस्तक परत आणलं आणि पायरीवर बसून दोन दुपारी ती गोष्ट सांगितली. मग रोवणा लागला. बाया बांधीत ओळीनं वाकून, मागे मागे सरकत धान रोवतात, तेव्हा गाणी म्हणतात. त्या वर्षी गाणी झाली नाहीत. ओळीत ही गोष्ट चालली. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत गेली. रोवणा करायला आलेल्या बायांबरोबर केशोरीला गेली.

दिवाळीनंतर काय झालं? केशोरीचे एक गुरुजी ती कादंबरी वाचून बसले होते. त्यांनी घरी शेवट सांगितला. शेवटच्या पानावर ती बाई विहिरीत जीव देते. झालं. पुढच्या बाजारी केशोरीच्या आठदहा बाया या पायरीपाशी येऊन उभ्या. त्यातल्या म्होरक्या आज इथे ओसरीवर आहेत. म्हणाल्या, "का जी दयारामभाऊ, तुमचं पुस्तक बराबर हाय. गुरुजीचं पुस्तक चुकीचं छापलं हाय. आमची बाई तं परत येते, बापाच्या बांधीतला हिस्सा मागते, अना सोताचं घर बांधते. गुरुजीले सांगा."

मी तेव्हा हजर होते. मी पुस्तक कपाटातून काढलं आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. बाई विहिरीत. स्पष्ट छापलेलं. ओसरीवरच्या सगळ्यांनी भागरताकडे पाहिलं. मी भागरताला विचारलं, "पूर्ण न वाचता परत दिलंस ना?" मी सर्वांसमोर म्हटलं की अर्धवट वाचून मनचं सांगणं हे खोटं बोलणं आहे. ती उठून गेली. केशोरीच्या बायाही गेल्या. मला वाटलं, शिस्तीचं काम झालं.

पंधरा दिवस भागरता आली नाही. मग एक दिवस मी ते पुस्तक सहज उघडलं. शेवटच्या पानानंतर दोन जादा कागद खळीनं चिकटवलेले. त्यावर शाईनं, मोठ्या अक्षरात, भागरताचा शेवट. खाली तिचं नाव.

वाचनालयाच्या पुस्तकात. मी त्याच दिवशी दयारामभाऊंना लेखी नोटीस दिली. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. म्हणाले, "बाई, लिवून नाई देत. सांगतो." आणि सांगितलं, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"तिनं अर्धं नाई वाचलन बाई. पुरं वाचलन. शेवटचं पान दोनदा वाचलन, मायासमोर. मंग मले मनते, भाऊ, मी हे सांगनार नाई. मी मनलो, नोको सांगू. जे तुले सांगायचं ते सांग. तुमी तिले खोटी मनलं. मी तिच्या घरी कागद घेऊन गेलो. मनलो, लिव. छापलेलं बी राहन, तुयं बी राहन. वाचनारा पाहून घेईन."

मी दार लावून घेतलं. मी इतकी वर्षं मुलींना शिकवते. वाचा, वाचा म्हणते. वाचून एखादीनं मान वर केली तर ती कशी दिसते, हे मला ओळखता आलं नव्हतं. पायरीवर बसणाऱ्या कोटवाराला आलं. नोटीस मी परत घेतली. भागरताच्या घरी गेले आणि सर्वांसमोर जे बोलले होते ते तिच्या अंगणात, शेजाऱ्यांना बोलावून, सर्वांसमोर परत घेतलं. तिची आई म्हणाली, "राहू द्या जी बाई, चहा घ्या." घेतला.

ते दोन कागद अजून त्या पुस्तकात आहेत. पुस्तक शिवणीला आलं आहे. कोणीही नेलं तरी आधी मागून उघडतं.

आता शेवटचं. दयारामभाऊ आठ दिवस तापानं पडले होते. ते आठ दिवस वाचनालय मी चालवलं. तीनला उघडलं, सहाला बंद केलं. नोंदवही अशी सुरेख कधी नव्हती. लोक आले, पुस्तक ठेवलं, पुस्तक नेलं, नमस्कार केला. जाळी कोणी आणली नाहीत. सूप घेऊन कोणी बसलं नाही. मी खुर्चीवर बसले होते. तीस वर्षांपूर्वी शिकले होते तशी शांतता या खोलीत पहिल्यांदा झाली.

सातव्या दिवशी मी त्यांना बघायला गेले. डोळे मिटलेले. विचारलं, "तीन वाजले का जी? खोललं का कोनी?" म्हटलं, मी उघडून आले. "आज कोन बोललं?" मी म्हटलं, कोणी नाही. ते हसले. दम लागला तरी हसले. म्हणाले, "तं तुमी नोका बसू तेथी बाई. राग नोका मानू." मग म्हणाले, "अना शांतता पाह्यजे असन तं मी गेल्यावर घ्या दोन मिनटं. जास्ती नाई."

दुसऱ्या दिवशी ते गेले. माणूस समाधानानं गेला. सत्तरीचा होता, काम पुरं केलेलं होतं, आणि चिटणिसाला शेवटचा शब्द ऐकवून गेला. मी दुःख करायला उभी नाही. दहा दिवस केलं, पुरे झालं.

तेव्हा सरपंचसाहेब, माझं उत्तर. या खोलीत धान ठेवायचं नाही. आणि नवा शिकलेला माणूस शोधायचा नाही. शिकलेलं माणूस आठ दिवस बसवून पाहिलं, ते मीच होते, आणि ओसरी रिकामी झाली. काल कमिटीची बैठक झाली. मी एकच नाव मांडलं. विरोध कोणी केला नाही. करायचा असेल त्यानं आता करावा.

कोणी नाही? बरं.

भागरता, पुढे ये. ही किल्ली. उद्या तीन वाजता उघड. खुर्चीवर बस किंवा पायरीवर बस, ते तुझं तू ठरव. कपाटातली पाटी आहे तिथेच राहू दे. आणि उद्या सगळ्यांनी यायचं आहे. ढिवरांनी जाळी आणायची, बायांनी सूप आणायचं. ज्यांच्याकडे पुस्तकं निजून आहेत त्यांनी ती उठवून आणायची. दवंडी आता भागरता देईल, तिचा आवाज काही लहान नाही. मी पण येणार आहे. उद्या त्या ओसरीवर मला कोणी शांत बसलेलं दिसलं तर मी त्याचं नाव लिहून घेईन.

आता उभे राहा. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. इतकी वर्षं जी शांतता मी या गावाकडे मागितली आणि दयारामभाऊंनी मला मिळू दिली नाही, ती आज त्यांच्या परवानगीनं मागते. दोन मिनिटं.

जास्ती नाही.