एजंटला सुट्टी लागत नाही

एआय एजंट ज्युनिअर प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरी खाईल का, हे मला नका विचारू, अजून डोकं तापतं. लग्नाची सुट्टी संपवून तेलीबांध्याच्या ऑफिसात गेले, तर साहेब म्हणाले, "तुझं काम एजंटनंच सांभाळलं. त्याले सुट्टी लागत नाही. आता तुले काहून ठेवू?"

तेवढ्यात आमचे क्लायंट, सिलतऱ्याचे कारखानदार, तणतणत आले. मशीन बसवणारा ठेकेदार रोज "हो जाएगा" लिहायचा आणि एजंट काम 'पूर्ण' दाखवायचा. मशीन अजून खोक्यातच!

"जिम्मेदार कौन है?"

साहेबांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. एजंट 'पूर्ण' दाखवत होता तेव्हा मी मांडवात हळद लावून बसले होते!

मी लॅपटॉप क्लायंटपुढे सरकवला. "सर, इनको डाँटिए. इनको छुट्टी भी नहीं लगती."