प्रज्ञाच्या मनगटावरचा पट्टा

हसू नका, पण आमच्या प्रज्ञाची हँडबॉलची मॅच चादरींमुळं हुकली असती.

त्यांच्या सरांनी मुलींच्या मनगटाला एकेक पट्टा बांधलाय. हातानं किती थ्रो मारले, किती जोरात मारले, ते सगळं सरांच्या मोबाइलवर दिसतं. मॅचआधी खांद्याला विश्रांती हवी, म्हणून रविवारी बॉलला हात लावायचा नाही आणि पट्टाही काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

सोमवारी पोरगी रडतच घरी आली. "सर म्हणतात, तू काल दिवसभर थ्रो मारलेस. मला मॅचला बाहेर बसवणार आहेत."

मी तिला घेऊन तशीच मैदानावर गेले. सर म्हणाले, "ताई, यंत्र खोटं कशाला बोलेल?"

"सर, तिनं काल बॉल बघितला पण न्हाय. माझ्यासंगं चादरी धूत होती." त्यांच्याच खांद्यावरचा टॉवेल घेऊन मी तो डोक्यावरून पायरीवर आपटून दाखवला.

सर मोबाइलवरचे आकडे पुन्हा बघून हसले. "खेळेल ती. पण मॅच होईपर्यंत धुणं दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे उरलेल्या चादरी घेऊन धुण्याच्या दगडाकडं गेले. दुसऱ्याच चादरीला खांदा धरून थांबले आणि हाक मारली, "प्रज्ञे, तो पट्टा आण गं. एवढं आपटतोय, ते कुठंतरी मोजलं तरी जाऊ दे."