मामानं बोगद्याआधी वऱ्हाड उतरवलं

लेको, आयुष्यात काय बी शिका, पण गाडी चालवणाऱ्या मामाला त्यातलं काय सांगू नका.

माझं काम तुम्हाला म्हायतीच हाय. बोगद्याचं काँक्रीट म्हातारं होत जाईल तसं किती कमजोर होणार, ह्याचा अंदाज मी कॉम्प्युटरवर काढतो. परवा गडमुडशिंगीच्या मामांच्या गाडीतनं आम्ही कोकणात लग्नाला निघालतो. अक्षतेच्या आत पोचायचं हुतं. घाटात बोगदा दिसला तसं मी सहज म्हटलं, "मामा, तुमचा नातू म्हातारा होईपर्यंत ह्याची ताकद बरीच कमी होणार बघा."

मामांनी कचकन ब्रेक मारला. "उतरा सगळी! चालत पलीकडं जावा. मी रिकामी गाडी आणतो मागनं."

मामी शालू सावरत उतरली बी!

मी म्हटलं, "अवो मामा, जुन्या पुलावर माणसं उतरवत्यात, ते ठीक हाय. हितं वजन गाडीचं न्हाय, वरच्या डोंगराचं हाय!"

मामांनी खिडकीतनं मान काढून डोंगराकडं बघितलं.

"ते कळतंय की मला. पर डोंगर माझं ऐकणार हाय व्हय? जे ऐकत्यात त्यांना उतरवलं. चल, उतर!"