नारिंगी बॅग पाण्यात सोडल्याबाबत

बॅग मी फेकलेली नाही, बेवारस सोडलेली नाही आणि हौसेसाठी घेतलेली तर मुळीच नाही. पहिली गोष्ट सकाळपासून पोलिसांना सांगतोय, दुसरी करावे गावच्या नामाकाकांना आणि तिसरी तीन आठवड्यांपासून, म्हणजे बॅग घ्यायचे ठरवले तेव्हापासून, माझ्या खोलीतल्या अंकुशला. कोणी ऐकून घेत नाही म्हणून आता नाव-गाव घालून जबाब देतो.

मी, सुगत पोपट खंदारे, वय २३ वर्षे, शिक्षण आठवी पास, धंदा मोबाईल टॉवरवर चढून अँटेना बसवणे, सध्या राहणार घणसोली गाव, भाड्याची खोली, मूळ राहणार बोरखडी, जिल्हा हिंगोली. आज गुरुवार दिनांक ४ सप्टेंबर रोजी पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर अंकुशसोबत राहतो. अंकुश बॅटरीच्या गोदामात कामाला आहे. गावी आई रखमा आणि धाकटी बहीण मैत्री अशा दोघीच आहेत. वडील हयात नाहीत.

माझे काम एका जागी नसते. ठेकेदार शहाजीराव सांगतील त्या राज्यात जावे लागते. गेल्या वर्षी जुलै महिन्यात हिमाचलच्या कामावर जाताना माझ्याकडे जुनी चेनची बॅग होती. ती जीपच्या टपावर बांधली होती. वाटेत तीन तास पाऊस लागला. बॅगेत माझे मेडिकलचे सर्टिफिकेट आणि उंचीवर काम करण्याच्या ट्रेनिंगचे कार्ड होते. दोन्ही एकमेकांना चिकटले, डॉक्टरांची सही पुसली गेली. साइट इंजिनिअरने मला वर चढू दिले नाही. नवीन कागद येईपर्यंत एकोणचाळीस दिवस मी खाली बसून बाकीच्यांचा स्वयंपाक केला. बसलेल्या दिवसांचा पगार नसतो. त्या वर्षी मैत्रीचे नर्सिंगचे ॲडमिशन राहिले. त्याबद्दल मैत्री मला कधी काही बोलली नाही. मलाही इथे जास्त काही सांगायचे नाही.

यंदा पुन्हा हिमाचलचेच काम आहे. शनिवारी सकाळी निघायचे आहे. गाडी जिथे थांबते तिथून टॉवरची जागा नऊ किलोमीटर चढावर आहे आणि सामान ज्याचे त्याने न्यायचे आहे. शुक्रवारी दुपारी शहाजीराव प्रत्येकाचा बेल्ट, बूट, बॅग आणि कागद स्वतः बघणार आहेत. ज्याचे सामान पास होईल त्यालाच ॲडव्हान्स मिळेल आणि गाडीत जागा मिळेल. मैत्रीच्या फीचा पहिला हप्ता सोमवारपर्यंत भरायचा आहे. म्हणून मी बॅग घ्यायचे ठरवले.

अंकुशचे म्हणणे असे की, ते पैसे फीलाच टाकावेत आणि सामान गोणीत न्यावे. तो म्हणाला, "सुग्या, चार हजाराची बॅग आणि आत काय, तर दोन बनियन. तेवढ्यात गावाकडं शेळी येते. ती भिजली तरी दूध देते." मी त्याला सांगितले की, शेळीच्या पोटात माझे सर्टिफिकेट ठेवता येत नाही. तेव्हापासून आमचे बोलणे जेवणापुरते आहे.

बॅगेसाठी मी सानपाड्याच्या हितेशभाईंच्या दुकानात पाच वेळा गेलो. त्यांनी पहिल्यांदा चाकाची बॅग दाखवली. डोंगरात चाकाचा उपयोग नाही, उलट तेवढे वजन पाठीवर वाहावे लागते. दुसरी बारा खिशांची होती. खिसे जास्त म्हणजे चेन जास्त आणि जितक्या चेन तितक्या पाणी शिरायच्या जागा. तिसरी उभी, फक्त वरून उघडणारी होती. तिच्यात तळाचा हातमोजा काढायचा तर वाऱ्यात सगळा संसार बाहेर मांडावा लागेल. शेवटी त्यांनी माळ्यावरून नारिंगी रंगाची साठ लिटरची लांबट डफल बॅग काढली. ताडपत्रीसारखे जाड कापड, आडवी पूर्ण उघडणारी रबरी चेन, दोन्ही टोकांना पकडायला पट्टे. हातात धरता येते, पाठीवर घेता येते, पाठीचे पट्टे आत खोचून टपावर बांधता येते आणि टोकाच्या पट्ट्याला दोरी लावून टॉवरवर ओढून घेता येते. मी ती तिथेच वीस किलोचे डंबेल भरून पाठीवर घेतली आणि दुकानाचा जिना सहा वेळा चढलो-उतरलो. हितेशभाई म्हणाले, "भाऊ, बॅग घेतोयस का मुलगी बघतोयस?" मी म्हणालो, "मुलगी बघायला एवढा जिना लागत नाही." रंग बदलून देऊ का, असेही ते म्हणाले. मी नको म्हणालो. बर्फात काळी बॅग दगडासारखी दिसते, नारिंगी सापडते.

किंमत चार हजार सहाशे होती, चार हजार शंभरला ठरली. पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही, असे हितेशभाई म्हणाले. मी म्हणालो, लिहून द्या. त्यांनी बिलाच्या मागे लिहून दिले की, दोन दिवसांत पाणी शिरलेले दाखवल्यास पैसे परत. बिल बुधवारचे आहे. म्हणजे माझ्याकडे आजचाच दिवस होता.

आमच्या खोलीला बादली एक आहे आणि नळ चार घरांत मिळून एक आहे. साठ लिटरची बॅग त्यात बुडत नाही. मागे सीवूड्सला एका बिल्डिंगच्या गच्चीवर अँटेना बसवताना मी वरून करावे गावची खाडीतली जेटी पाहिली होती. म्हणून आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तिथे गेलो. बॅगेत माझे नेहमीचे सामान आणि दोन विटा असे सोळा किलो वजन होते. चार कोपऱ्यांत चार कागद ठेवले होते. कागदांवर जेल पेनने लिहिले होते, कारण जेल पेनची शाई ओल लागली तरी पसरते. नायलॉनची दोरी बॅगेच्या पट्ट्याला लावली, दुसरे टोक जेटीच्या लोखंडी पाइपला बांधले आणि बॅग खाली सोडली. तेव्हा ओहोटी होती. बॅग अर्धी पाण्यात, अर्धी वर अशी दोरीला लटकत होती. गाठ आम्ही टॉवरवर मारतो तीच मारली. त्या गाठीवर मी दीडशे फुटांवर माणूस लटकलेला पाहिला आहे. तो माणूस मीच आहे.

पाऊण तास मी तिथेच बसलो. नंतर शहाजीरावांना फोन करायचा होता, शुक्रवारची वेळ विचारायला. जेटीवर नेटवर्क नव्हते. टॉवरचे काम करणाऱ्याने हे सांगू नये, पण नव्हते. मी रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलो. फोन झाला, चहा घेतला. पंचवीस मिनिटांनी परत आलो तेव्हा पाणी बरेच वर आले होते आणि पाइपला दोरी नव्हती.

मी काठाकाठाने शोधत बराच वेळ धावलो. पुढे लोकांची गर्दी दिसली. नामा तांडेल, वय ६१, मासेमारी करणारे, यांच्या जाळ्यात माझी बॅग अडकली होती आणि त्यांनी ती होडीतून काठावर आणली होती. फिरायला आलेल्या लोकांनी बॅगेला हात लावू नका म्हणून पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले होते, कुत्रा आला होता. सगळी माणसे मागे सरकत होती आणि मी एकटाच पुढे पळत होतो, म्हणून मला धरले. त्यात पोलिसांची चूक आहे असे माझे म्हणणे नाही. कुत्र्याने बॅग हुंगली आणि तो दुसरीकडे निघून गेला, म्हणजे आत धोक्याचे काही नव्हते. बॅग न उघडता मला, बॅगेला आणि नामाकाकांना एकाच गाडीतून ठाण्यात आणले.

गाडीतच आमचे भांडण झाले. माझे म्हणणे होते की, माझी गाठ आपोआप सुटत नाही, नामाकाकांनी किंवा गावातल्या कोणीतरी दोरी सोडली आणि तशी माझी तक्रार लिहून घ्यावी. नामाकाका म्हणाले, "आरं, तुजी गाठ सोरायला मना काय पगार भेटतं? सकालपासून माजं जालं फाटलंय, त्याचं बोल. वावभर, दोन हात पसरले एवरं फाटलंय. दोन हजार ठेव आन् जा तुज्या हिमालयान." मी म्हणालो, एक रुपया देणार नाही. ते म्हणाले, "खारीला तुमी लोकांनी उकिरडा केलाव." मी म्हणालो, मी उकिरड्यात बॅग टाकली नाही, पाण्यात टाकली. त्यावर गाडीतले पोलीस हसले. नामाकाका हसले नाहीत.

ठाण्यात हवालदार मालतीबाई यांनी विचारले, "बॅग तुझी कशावरून? बिल आहे?" मी सांगितले, बिल बॅगेतच आहे. त्या म्हणाल्या, "वा. मग उघडायच्या आधी आत काय काय आहे ते सांग, पंचांसमोर." मी सांगितले. सेफ्टी बेल्ट एक, बूट जोडी एक, कांबळे एक, त्यात गुंडाळलेल्या विटा दोन, प्लास्टिकच्या पिशवीत बिल, आणि चार कोपऱ्यांत चार कागद. मॅडमनी विचारले, कागदांवर काय लिहिले आहे. मी म्हणालो, ते सांगायलाच पाहिजे का. त्या म्हणाल्या, "तुला बॅग पाहिजे का?" मी म्हणालो, पाहिजे, आजच पाहिजे. "मग सांग."

मी सांगितले. मैत्री पोपट खंदारे, नर्सिंग, प्रथम वर्ष.

"आणि दुसऱ्यावर?" तेच. "चारही?" चारही.

पंचांसमोर चेन उघडली. सामान मी सांगितले तसेच निघाले. मॅडमनी पहिला कागद मोठ्याने वाचला, दुसरा वाचला, तिसरा मनात वाचला. चौथा न उघडता माझ्या हातात दिला. एकाही अक्षराची शाई पसरलेली नव्हती. कांबळे कोरडे होते. विटासुद्धा कोरड्या होत्या.

नामाकाकांनी बॅगेत हात घालून पाहिले, तळ चाचपला आणि म्हणाले, "सुकी हाय. मंग तं ही बुरलीच नाय. तरंगली." नंतर त्यांनी मला गाठ मारून दाखवायला सांगितली. मी खुर्चीच्या पायाला मारून दाखवली. त्यांनी दोरी ओढली, गाठ आवळली. मग दोरी ढिली सोडून, लाटेने हलावी तशी दहा-बारा वेळा हलवली. गाठ माझ्या डोळ्यांसमोर सुटली. ते म्हणाले, "वजन हाय तवर ही गाठ तुजी. भरती आली, बॅग वर आली, दोरी सैल परली. आता गाठ कोनाला धरील? पान्याची गाठ येगली असते, पोरा." मला ते पटले. पाणी आत गेले असते तर बॅग जड होऊन दोरी ताणलेली राहिली असती आणि गाठ टिकली असती. बॅग चांगली निघाली म्हणून माझी गाठ सुटली.

सबब दोरी कोणी सोडल्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी गाडीत जे बोललो ते मागे घेतो. नामाकाकांनी होडीची गाठ त्याच खुर्चीच्या पायाला मारून दाखवली. ती मी तीन वेळा मारून पक्की करून घेतली आहे.

जाळ्याबाबत नामाकाका नंतर म्हणाले की, दोन हजार ते रागात बोलले. सुताचे आठशे द्यावेत, विणायची मजुरी नको, गाठी ते स्वतःच मारतील. मी आठशे रुपये इथेच त्यांना दिले. त्यांनी मोजले नाहीत. जाताना मला म्हणाले, "बयनीला सांग, शीक म्हनावं. आमचे गावान पन इंजेक्शन देनारी कोन नाय."

माझी विनंती आहे की, बॅग चोरीची नाही, बेवारस नाही, तिच्यात आक्षेपार्ह काही मिळाले नाही, म्हणून ती आजच माझ्या ताब्यात द्यावी. उद्या दुपारी ती शहाजीरावांना दाखवायची आहे. पुढे कधी पाण्यात काही तपासायचे झाले तर आधी गावात सांगेन आणि तिथेच बसून राहीन. फोन नंतर करेन.

वरील जबाब हवालदार मॅडमनी मी सांगितला तसा लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे. एकच दुरुस्ती आहे. ॲडव्हान्स किती आणि त्यातले गावी किती पाठवणार, असे मॅडमनी विचारले होते, तिथे जाळ्याचे आठशे वजा करून अकरा हजार दोनशे असा आकडा लिहिला गेला होता. तो माझ्यासमोर खोडला आहे. आठशे माझ्या जेवणाच्या पैशांतले आहेत, ते माझे मी बघेन. उद्या सामान पास झाले की मैत्रीच्या खात्यावर पाठवणार ती रक्कम रुपये बारा हजार पूर्ण.