पंचवीस सेकंद आधी

तोकिए : माझं घड्याळ पुढे नाही, मास्तर. काल दुपारीच तुमच्या फलाटावरच्या घड्याळाला लावलंय. पुलाच्या शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या, आणि तुम्ही गाडी सोडलीत.

मिनेगिशी : तुमचं घड्याळ बरोबर आहे, बाई. गाडीला इशारा देऊन हात खाली घेताना काटा पाहिला मी. गाडी पंचवीस सेकंद आधी सुटली.

ओतोवा : मास्तर, जरा तिकीट खिडकीच्या आत, माझ्याकडे येता का?

मिनेगिशी : इथेच बोल. काम यांचंच आहे.

ओतोवा : पंचवीस सेकंदांची कुणी तक्रार करतं का?

तोकिए : मी करतेय. दहाला आचाऱ्याच्या परवान्याची परीक्षा आहे माझी. अठरा वर्षं शाळेत तीनशे पोरांचा भात शिजवतेय, पण परवाना नाही म्हणून मुख्य आचारी दुसरीच. परीक्षा वर्षातून एकदा. पुढची गाडी पोहोचवणार दहा वीसला.

मिनेगिशी : उशिरा आत घेतात?

तोकिए : अर्ध्या तासापर्यंत. रेल्वेचा दाखला असेल तर.

ओतोवा : मग झालं की. उशिराच्या दाखल्यांचं पुडकं इथेच आहे. ‘गाडीला चाळीस मिनिटं उशीर’, शिक्का मारते, संपलं.

मिनेगिशी : उशीर कुठे झालाय? त्याच गाडीनं परीक्षेला गेलेले चारजण तिथं वेळेवर बसलेले असतील. दाखला खोटा ठरला की यांनाच उठवतील.

ओतोवा : लवकर सुटलेल्या गाडीचा दाखला छापतच नाहीत.

मिनेगिशी : कोरा कागद छापतात ना? दे.

ओतोवा : आणि सोमवारी साहेब मानपत्र घेऊन येणार, बत्तीस वर्षांच्या बिनचूक सेवेचं, त्याचं काय?

मिनेगिशी : फोन लाव त्यांना. काय झालं ते सांग, आणि येऊ नका म्हणावं.

तोकिए : पण झालं कसं हो? रोज बोट दाखवून मोठ्यानं म्हणता तुम्ही. घड्याळ, सिग्नल, दारं. आमच्या पोरी नक्कल करतात तुमची, भाताचं झाकण काढताना.

मिनेगिशी : आजही म्हटलं. ‘आठ चार, वेळ झाली.’ बोट घड्याळाकडे, डोळे रिकाम्या फलाटावर. तोंडाला पाठ झालंय, त्याला माझी गरज उरली नाही.

(कागदावर पेन चालतं. शिक्का उमटतो.)

मिनेगिशी : वाचून बघा.

तोकिए : ‘आठ चारची गाडी माझ्या चुकीमुळे पंचवीस सेकंद आधी सुटली. श्रीमती तोकिए आसानुमा तेव्हा पुलाच्या पायऱ्यांवर होत्या. मिनेगिशी, स्टेशनमास्तर.’ … हसतील हो हे वाचून.

मिनेगिशी : हसू देत. हसतील आणि आत घेतील.

ओतोवा : मास्तर, साहेब फोनवर आहेत. म्हणतात, पंचवीस सेकंद होते हे पाहिलंय कुणी?

मिनेगिशी : मी पाहिलंय, सांग. आणि लवकर ठेव. परीक्षा केंद्राला कळवायचंय.