नमुन्याची सायकल

आमचं गाव देवळीपासून कोसभर. थोडकी कोरडवाहू वावरं, कपाशी अन् तूर, घरात बाबा, माय, मी अन् भाऊ. माहं नाव विमल. माय म्हनते, मी चालाले लागली होती, अंगनभर पळत होती, अन् एक दिवस ताप आला अन् तापानं दोन्ही पाय नेले. लोकं म्हने देवीचा कोप, डाक्टर म्हने पोलिओ. काहीबी म्हना, पाय गेले ते गेले. मंग मी हातात रबरी चपला घालून घसरत जाची, काय सांगू तुमाले, उन्हाळ्यात माती अशी तापे का चपलेतूनबी हाताले चटका लागे, अन् पावसाळ्यात तर अंगभर गाळ, नुसती म्हैस. तरी चवथी पास झाली. बाबा खांद्यावर बसवून शाळेत ने. मोठी झाल्यावर मले लाज वाटे, अन् बाबाचा खांदाबी दुखाले लागला, मंग घरीच बसली.

देवळीले एक संस्था होती. नाव घेत नाई, घेतलं तर तोंड विटाळते. एका शेठनं बापाच्या नावानं काढलेली, गरीब अपंगायले मदत द्याले. सगळा कारभार सेक्रेटरीच्या हाती. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलनं असं का लोनी. आनीबानी उठल्यावर बाबानं तिथी अर्ज केला, हातानं चालवाची तीनचाकी सायकल भेटावी म्हनून. सेक्रेटरी म्हने, सरपंचाचा दाखला आना. आनला. म्हने, डाक्टरचा आना. वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात मले उचलून नेलं, तोबी आनला. मंग म्हने, पोट्टीले घेऊन या, पाहू तर द्या खरंच लंगडी हाये का. अन् हापिसात त्यानं मले ह्या भिंतीपासून त्या भिंतीवरी घसरवलं, खुर्च्यायवर लोकं चहा पीत बसले होते त्यायच्या समोर. मी तरनी पोट्टी. परकर सावरू का हात टेकवू? बाबा खाली मान घालून उभा होता. सेक्रेटरी हासला अन् म्हने, मंजूर.

मंग देवळीलेच कार्यक्रम झाला, मांडव, लाऊडस्पीकर, हार. मले सायकलवर बसवलं, शेठनं डोक्यावर हात ठेवला, फोटो काढला, लोकायनं टाळ्या वाजवल्या. एका मुठीले हिरवं रबर अन् एकीले काळं, मी दोन्ही मुठी अशा धरल्या होत्या का सोडूच नये. खरं सांगतो, तेवढ्या वेळात मी मनानं सारं गाव फिरून आली. मांडव रिकामा झाल्यावर सेक्रेटरी आला अन् म्हने, उतर. बाबा म्हने, काऊन जी? म्हने, हे नमुन्याची हाये, तुह्या पोरीची मागून येईन. मी उतरली. घरी आलो तं सारं गाव सायकल पाहाले दारात उभं.

मंग बाबाच्या चकरा. आज येते, उद्या येते, मुंबईहून निंगाली, रस्त्यात हाये. एक दिवस म्हने, तुमाले मदत भेटली, फोटो हाये आमच्यापाशी, आता काऊन त्रास देऊन राह्यले? बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. त्या दिवशी माह्या मनात जे पेटलं ते आजवरी इझलं नाई.

केळझरले माही आत्या राहे. ते आली अन् म्हने, विमल, आमच्या शेजारच्या सुमनले सायकल भेटून राह्यली, तुह्यावालीच संस्था. मी म्हनलं, आत्या, मले घेऊन चाल. एस्टीनं गेलो. शाळेच्या पटांगनात तसाच मांडव, वर्ध्याहून समाजकल्याणच्या साहेबीन बाई आलेल्या. अन् सायकल पाह्यली तं एक मूठ हिरवी, एक काळी.

सुमनले बसवलं, फोटो काढला. टाळ्या सुरूच होत्या तं मी लोकायच्या पायातून घसरत निंगाली, स्टेजच्या पायऱ्या हातानं चढली अन् चाकाचा गज धरला. सेक्रेटरीचं तोंड पांढरं झालं. हळूच म्हने, पोरी, खाली हो, तुही सायकल उद्याच पाठवतो. मी सुमनले म्हनलं, बाई, हे लोकं गेल्यावर हा मानूस तुले उतर म्हनीन, उतरजो नको. मले उतर म्हनलं तं मी उतरली होती. माईक समोरच होता, साऱ्या केळझरनं आयकलं. साहेबीन बाई उठल्या अन् म्हने, काय हो, हे खरं हाये का? तो म्हने, गैरसमज हाये बाई, नमुन्याची... अन् नमुन्याची म्हनल्याबरोबर लोकं असे हासले, असे हासले! मी त्याच्या तोंडाकडेच पाहात होती. माह्या जिवाले थंड वाटलं.

सुमन सायकलवरच घरी गेली, मी तिच्या मांघं रस्त्यावरी घसरत गेली, कोनी अडवाची हिंमत केली नाई. साहेबीन बाईनं माहा अर्ज लेहून नेला, अन् दिवाळीच्या आंधी मले सरकारी सायकल भेटली. पन माहं मन भरलं नव्हतं.

थोड्या सालानं तो सेक्रेटरी झेडपीले उभा राह्यला. मी वाटच पाहून राह्यली होती. सायकलवर भाकर बांधली अन् गावोगाव फिरली, दंड सुजले, हाताले घट्टे पडले. पारापाशी सायकल उभी करो अन् सांगो, या मानसानं मले कसं घसरवलं, कसं उतरवलं. त्याचे पोट्टे धमकी देत, मी म्हनो, मारा, पाय तं आंधीच नाईत. पडला. निवडनुकीत असा पडला का परत उभा राह्यला नाई. त्या दिवशी बाबानं गावात गूळ वाटला.

आता देवळीच्या बजारात माही हातमशीन हाये, झंपर शिवतो, बाया उधारी ठेवतात पन इज्जतीनं बोलतात. मागच्या महिन्यात तो काठी टेकत दुकानापाशी आला. म्हने, विमल, जुनं झालं, मनातून काढ, मी आता पिकलं पान. म्हनलं, पिकलं तं गळा, मले काऊन सांगून राह्यले? काठी टेकत आला तसाच गेला.

माय म्हनते, एवढा राग चांगला नाई, मराच्या आंधी तरी माफ करजो. मी म्हनतो, पाहीन. तुमाले खरं सांगू? नाई करत. तुमी एवढा वेळ बसून आयकलं, तुमच्या लेकराबाळायचे हातपाय धड राहो, देव तुमाले सुखी ठेवो. त्याच्यासाठी माह्यापाशी काही नाई.